साठ किलोचा कॅमेरा

नील आणि ईरा,

परवा आपल्या घरच्या ग्रुपवर नीलने तीन मोनोपॉडचे फोटो टाकले आणि खाली लिहिलं, "बाबा, यातला कुठला घेऊ?" बाबाने उत्तर द्यायच्या आत मी लिहिलं, "पायाचं रबर किती रुंद आहे? लॉक क्लिपचं आहे की पिळाचं? पूर्ण उघडून त्यावर कुणी रेलून पाहिलं आहे का?"  मग तुमच्या बाबाने मला वेगळा फोन करून विचारलं, "आई, तुझा फोन दुसऱ्या कुणाच्या हातात आहे का?"

फोन माझ्याच हातात होता. मला फोटो काढता येत नाहीत. मी काढलेल्या फोटोंत तुम्हा दोघांना बहुधा डोकी नसतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण एका पायावर उभा राहणारा, पिशवीत मावणारा आणि ऐन वेळी दगा न देणारा कॅमेऱ्याचा स्टँड कसा निवडावा, याचा जेवढा अभ्यास माझा झाला आहे तेवढा जळगाव-धुळ्याकडच्या दुसऱ्या कुठल्या आजीचा झाला असेल असं मला वाटत नाही. हे शिक्षण मला विमलअक्कांमुळे मिळालं. ईराला त्या आठवत असतील. इतर बायका तिचे गाल ओढत असताना तिला समोर खुर्चीवर बसवून "तुझं म्हणणं काय आहे? नीट सांग, मी ऐकते," असं विचारणाऱ्या त्याच. अक्का आता नाहीत. पण नीलच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याशिवाय देता येत नाही, म्हणून हे लांबलचक लिहिते आहे. मी सवयीप्रमाणे मुद्दे काढून लिहायला बसले होते. दुसऱ्याच मुद्द्यात अक्का शिरल्या आणि मुद्दे संपले.

आमच्या जळगावच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवायची आणि अक्का राज्यशास्त्र. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. अक्का बुटक्या, रुंद बांध्याच्या, अंगावर खळ घातलेली सुती साडी, आणि चष्मा नाकावर इतका खाली की बघणाऱ्याचा जीव खालीवर व्हावा. तो कधी पडला नाही. त्यांच्यासमोर कुणी "साधारणपणे" किंवा "असं म्हणतात" अशी सुरुवात केली, की त्या वाहतूक पोलिसासारखा हात वर करायच्या. "कोण म्हणतं? कुठे म्हटलंय? नेमके शब्द सांगा."

एकदा प्राचार्यांनी सूचना लावली की प्राध्यापकांनी ग्रंथालयात चहा पिऊ नये. दुसऱ्या दिवशी अक्का ग्रंथालयात शांतपणे कॉफी पीत बसल्या होत्या. प्राचार्य लालबुंद झाले. अक्का म्हणाल्या, "सर, मी सूचना दोनदा वाचली. आपली हरकत चहाला आहे." प्राचार्यांनी सूचना बदलून "कोणतेही पेय" असं केलं. तेव्हा अक्कांनी कप उचलला, जाता जाता सूचनेवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाल्या, "आता कसं, नियमासारखं दिसतंय." त्यानंतर ग्रंथालयात त्यांनी कधी पाणीसुद्धा प्यायलं नाही. नियमातली फट त्या हक्काने वापरायच्या, पण फट बुजवली की नियम पाळायच्याही इतरांपेक्षा जास्त. त्यांचं हे दुसरं अंग फार कमी लोकांना माहीत होतं. त्यांच्या मुलाला, शिरीषला, नक्की माहीत होतं.

निवृत्त झाल्यावर अक्का धुळ्याला, गल्ली नंबर पाचमधल्या आपल्या घरी राहायला गेल्या. त्यांचे यजमान नाना आधीच गेलेले. शिरीष पुण्यात इंजिनिअर. घरात त्या एकट्या होत्या, गल्लीत मात्र एकट्या नव्हत्या. रोज सकाळी पिशवी घेऊन भाजीबाजारापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढाच त्यांचा फेरा. पण त्या फेऱ्यात अर्ध्या गल्लीची भांडणं मिटायची आणि उरलेल्या अर्ध्या गल्लीत नवी सुरू व्हायची. नळाला पाणी कधी येणार, कुणाच्या सुनेला माहेरी पाठवत नाहीत, कुणाच्या मुलाचा दाखला अडला आहे, हे सगळं त्यांना रस्त्यातच कळायचं आणि रस्त्यातच त्या निकाल द्यायच्या.

मग त्यांचा उजवा गुडघा बिघडला. डॉक्टर म्हणाले, काठी घ्या. मी तेव्हा दिवाळीच्या फराळाला धुळ्याला गेले होते. शिरीषही पुण्याहून आलेला. तो आईचाच मुलगा. साधं बोलतानाही अटी घालूनच बोलतो.

"आई, डॉक्टरांनी काठी घ्यायला सांगितलंय."

"सुचवलंय. सांगितलेलं नाही."

"बरं. मग आपण ठरवून टाकू. तू काठीशिवाय चालतेस तोवर मी एक शब्द बोलणार नाही. पण ज्या दिवशी तुझ्या हातात काठी येईल, त्या दिवशी तू पुण्याला यायचंस. कायमचं. इंदूमावशी साक्षीदार."

इंदूमावशी म्हणजे मी. माझ्या तोंडात चकली होती, म्हणून मी नुसती मान हलवली.

"हातात काठी आली तर," अक्का म्हणाल्या. "ठरलं."

शिरीषचा हेतू वाईट नव्हता. आईने एकटीने जिन्यावरून पडावं असं कुठल्या मुलाला वाटेल? पुण्यातलं घर चांगलं होतं, लिफ्ट होती, सून मायेची होती. पण ते घर अकराव्या मजल्यावर होतं. अक्का एकदा तिथे महिनाभर राहून आल्या होत्या. मला म्हणाल्या, "इंदू, बाल्कनीतून खाली पाहिलं की माणसांचे नुसते टाळू दिसतात. आता टाळूशी मी काय बोलू?"

तो हिवाळा त्यांनी कसाबसा काढला. कधी भिंत धरून, कधी उभ्या स्कूटरवर हात ठेवून. "कुणाची आहे ही स्कूटर? रस्त्यात लावलीय," असं म्हणत तिच्यावर पुरेसा वेळ रेलायचं आणि पुढे जायचं. हिवाळा सरताना त्या माझ्याकडे जळगावला, मेहरूण तलावाजवळच्या घरी आल्या. सकाळी आम्ही तलावावर जायचो. फिरायची मी. अक्का एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत जायच्या आणि प्रत्येक झाडाचं खोड हाताने चाचपायच्या. "कडुनिंब," असं म्हणायच्या, जणू कुणी शंका घेतली होती.

तिथे एक गृहस्थ पाणपक्ष्यांचे फोटो काढत होते. डोक्यावर टोपी, तोफेसारखी लेन्स आणि तिच्याखाली एकच लांब पाय. पक्षी येईना, तेव्हा ते त्या पायावर दोन्ही हात ठेवून निवांत रेलून उभे राहिले. अक्का थांबल्या.

"इंदू, ते काय आहे?"

"पाणकावळा असावा."

"पक्षी नव्हे. ते गृहस्थ कशावर रेललेत?"

मला सांगता येईना, म्हणून त्या स्वतःच जाऊन विचारून आल्या. म्हणजे मलाही ओढून नेलं. गृहस्थ खूश झाले. हा मोनोपॉड, म्हणाले. तीन पायांचा स्टँड गर्दीत मांडता येत नाही, हा कुठेही नेता येतो. हात थरथरला तरी फोटो हलत नाही. मिटवला की पिशवीत जातो.

"याला काठी म्हणता येईल का?" अक्कांनी विचारलं.

गृहस्थांना ते चांगलंच झोंबलं. "काठी? मॅडम, हे फोटोग्राफीचं साहित्य आहे!"

"पुन्हा एकदा म्हणा."

"काय?"

"काठीनंतरचं."

"हे फोटोग्राफीचं साहित्य आहे."

अक्का माझ्याकडे वळल्या. "ऐकलंस ना? साक्षीदार तूच आहेस."

त्याच दिवशी आम्ही जळगावच्या बाजारात कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. मालकाला सगळे पिंटूशेठ म्हणायचे. त्याने अदबीने खुर्च्या दिल्या आणि अक्कांना विचारलं, "कॅमेरा कुठला आहे, मॅडम?"

"कॅमेरा अजून नाही."

"मग स्टँड कशाला हवा?"

"आधी स्टँड. मग त्याला शोभेल असा कॅमेरा."

गिऱ्हाईक हातचं घालवू नये इतपत पिंटूशेठ अनुभवी होता. "चालेल," तो म्हणाला. "वजन किती पेलायला हवं?"

"साठ किलो."

त्याचा चहाचा कप तोंडाशी जाता जाता थांबला. "साठ किलोचा कॅमेरा? जळगावात कुणाकडे आहे असा?"

"असेल, तर?"

मी समोरच्या कॅलेंडरवरचे सणवार वाचायला लागले.

पिंटूशेठने एक चकचकीत, काळा, हलका मोनोपॉड काढला. एकात एक शिरणाऱ्या नळ्या, प्रत्येक सांध्यावर पिळाचं लॉक. "यावर मोठी लेन्ससुद्धा हलत नाही," तो म्हणाला. अक्कांनी तो उघडला, जमिनीवर रोवला, वर दोन्ही हात ठेवले आणि रेलल्या. आत काहीतरी कुरकुरलं. पहिली नळी दुसरीत शिरली, दुसरी तिसरीत, आणि अक्का चेहऱ्यावरची रेषही न हलवता काउंटरच्या कडेखाली हळूहळू मावळल्या.

"हा नको," खालून आवाज आला.

पुढचे काही आठवडे आमचा हाच उद्योग होता. जळगावची दुकानं संपली तेव्हा आम्ही धुळ्याची धरली. पिळाची लॉकं अक्कांनी पहिल्या झटक्यात बाद केली: घाईत अर्धवट पिळली जातात आणि मग माणसाला घेऊन खाली बसतात. क्लिपची लॉकं बरी. लागली की खट्‌ असा आवाज करतात, आणि आवाज म्हणजे पुरावा. ज्यांच्या पायाला टोकदार खिळा होता ते फरशीवर घसरले. ज्यांचं रबर बोटाएवढं होतं ते ओल्या अंगणात घसरले. फारच भक्कम होता तो इतका जड निघाला की अक्का म्हणाल्या, "याला धरायला मला आणखी एक लागेल." वरची मूठ स्पंजची हवी, मनगटात अडकवायला पट्टा हवा, आणि मिटवल्यावर भाजीच्या पिशवीत गाजरांच्या शेजारी मावायला हवा. हे सगळं त्या दुकानदाराला अशा सुरात सांगायच्या, की त्याला वाटायचं बाई जंगलात वाघाचे फोटो काढतात.

शेवटी एक पसंत पडला, तोही पुन्हा पिंटूशेठकडेच. त्याने तो डोळ्यांच्या उंचीला उघडून दिला. अक्कांनी खट्‌ खट्‌ करून तो कमरेपर्यंत खाली आणला.

"मॅडम, फोटो काढताना कॅमेरा डोळ्याशी यायला हवा."

"मी कमरेतून बघते," अक्का म्हणाल्या.

त्यावर बसवायला त्यांनी दुकानातला सगळ्यात लहान, कुणीतरी वापरून परत दिलेला कॅमेरा घेतला. पिंटूशेठने माझ्याकडे केविलवाण्या नजरेने पाहिलं. साठ किलोचं काय झालं, हे त्याला विचारायचं होतं. मी पुन्हा कॅलेंडरकडे वळले.

आता अक्कांचा स्वभाव तुम्हाला कळला असेल. कॅमेरा वर बसलेला असेल तरच तो कॅमेऱ्याचा स्टँड, हे त्यांनी स्वतःच स्वतःला घालून दिलं. त्यामुळे कॅमेरा कधी काढायचा नाही, दळण आणायला जातानासुद्धा नाही. आणि कॅमेरा आहे म्हटल्यावर फोटोही काढायलाच हवेत, नाहीतर ती फसवणूक झाली. गुडघा दुखला की त्या थांबायच्या. थांबल्या की रेलायच्या. रेलल्या की समोर जे असेल त्याचा फोटो काढायच्या. कुणाचा दरवाजा, कुणाची शेळी, उलटी घातलेली बादली. एकदा तर नगरपालिकेचा बंद नळ.

बाजारातली मीराबाई धुळ्याजवळच्या खेड्यातून भाजी घेऊन यायची. तिने पहिल्याच दिवशी आपल्या अहिराणीत हटकलं, हे काय आहे म्हणून.

"अक्का, हाई काय शे वं?"

"कॅमेराना स्टँड शे."

"माले ते काठीच दिखस."

"तुले दिखस. शे नही."

"मंग काढ मन्हा फोटो!"

काढावाच लागला. आणि गंमत अशी, की तो फार सुरेख आला. कमरेच्या उंचीवरून बघितलं की जमिनीवर बसलेल्या माणसाचा चेहरा अगदी समोरासमोर येतो. मीराबाई वांग्यांच्या ढिगामागे कुठल्या तरी राणीसारखी बसलेली दिसत होती.

गल्लीच्या वळणावर मुनीरभाईंचं गाद्या-रजयांचं दुकान होतं. गुडघा रोज नेमका तिथे कुरकुर करायचा, म्हणून अक्का रोज तिथे थांबायच्या. मुनीरभाईंना आधी वाटलं बाई दुकानाची चौकशी करताहेत. मग वाटलं जाहिरात करताहेत. ते रोज एक नवी रजई बाहेर टांगायला लागले. "अक्का, आज गुलाबी लगाई है. देखो, धूप अच्छी पड रही है." काही दिवसांनी त्यांना काय ते उमगलं. एके दिवशी त्यांनी दुकानापुढे एक स्टूल आणून ठेवलं.

"हे कशाला?" अक्कांचा आवाज चढला. "मी बसणार नाही."

"अरे, आपके बैठने के लिए थोडे ही है!" मुनीरभाई म्हणाले. "फोटो में अच्छा दिखता है, इसलिए रखा."

अक्कांनी स्टुलाचा फोटो काढला. मग स्टूल नीट टेकलं आहे का हे तपासायला त्यावर बसल्या. ही तपासणी पुढे रोज होत राहिली, आणि कधी कधी ती चहा होईपर्यंत चालायची.

सगळ्यात मोठा प्रसंग फैजपूरला झाला. आमचे सहकारी पाटील सर तिकडचे. थंडीत त्यांच्या केळीच्या बागेत आम्हा सगळ्या निवृत्त लोकांची भरीत पार्टी असायची. शेताच्या कडेला कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती, बायका ती बडगी नावाच्या लाकडी भांड्यात ठेचत होत्या, वास असा सुटला होता की शास्त्राचे प्राध्यापकसुद्धा गप्प झाले होते. अक्का म्हणाल्या, "मी जरा बागेत फोटो काढून येते." आत नुकतंच पाणी दिलेलं. ओल्या काळ्या मातीत त्यांचा मोनोपॉड वीतभर रुतला आणि निघेना. तो सोडावा तर तोल जातो, ओढावा तरी तोल जातो. हाक मारावी, तर हाक का मारली ते सांगावं लागेल.

जेवायला बसायची वेळ झाली तेव्हा आम्ही सगळे शोधत आत गेलो. अक्का केळींच्या रांगेत पुतळ्यासारख्या उभ्या होत्या. आमची चाहूल लागताच त्यांनी एक बोट ओठांवर ठेवलं.

"शू! पक्षी येतोय."

आम्ही सगळे जागच्या जागी थबकलो. पाटील सर एका पायावर होते, त्यांनी दुसरा टेकवायलाही उशीर केला. कुठला पक्षी, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. वांगी निवत होती. प्राचार्यांनी, तेच ते चहावाले, माझ्या कानात विचारलं, "दुर्मीळ आहे का?" मी म्हटलं, "फार."

पाटील सरांचे थोरले भाऊ शेत बघायचे. त्यांना सगळे नुसतं भाऊच म्हणायचे. ते तेवढे पुढे गेले. त्यांनी अक्कांकडे पाहिलं, रुतलेल्या पायाकडे पाहिलं, आणि बाजूला पडलेला एक बांबू उचलून आणला. घडाच्या ओझ्याने केळ वाकते तेव्हा तिला लावतात तो टेकू. तो त्यांनी अक्कांच्या दुसऱ्या हाताशी उभा केला आणि हळूच म्हणाले, "घ्या अक्का. घड भरला का केयीले बी लागतो. ते काही लाजत नही." तिकडच्या बोलीत केळीला केयी म्हणतात.

"मी केळ नाही," अक्का म्हणाल्या. "मी फोटो काढतेय."

"मंग काढा ना," भाऊ म्हणाले, आणि तो बांबू शेजारच्या खऱ्याखुऱ्या केळीला टेकवून ठेवला. अक्कांनी फोटो काढला. भाऊंनी तेवढ्यात खाली वाकून, चप्पल शोधल्यासारखं करत, मोनोपॉड मातीतून उपटून दिला. अक्का वळल्या आणि आम्हाला म्हणाल्या, "उडाला. तुम्ही सगळ्यांनी फार आवाज केला." प्राचार्यांनी माफी मागितली. भरीत निवलेलं होतं, पण ज्वारी-उडदाच्या पिठाची, कळण्याची भाकरी गरम होती. अक्का दोन भाकऱ्या जेवल्या.

कॅमेरा भरला की अक्का तो माझ्याकडे आणायच्या आणि मी फोटो संगणकात तारखेप्रमाणे लावून ठेवायची. काही वर्षांनी कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचं संमेलन ठरलं, तेव्हा मी अक्कांना न विचारता त्यातले काही छापून घेतले आणि हॉलच्या भिंतीवर ओळीने लावले. अर्थात तारखेप्रमाणे. दुसरं कसं लावणार?

मुंबईहून आलेल्या एका पाहुण्यांनी त्यावर भाषण केलं. उभ्या माणसाचा अहंकार सोडून बसलेल्यांच्या पातळीवर येणारी दृष्टी, असं काहीतरी म्हणाले. सामान्य वस्तूंपाशी थांबण्याचा संयम, असंही म्हणाले. अक्का पहिल्या रांगेत गंभीरपणे मान डोलावत होत्या. थांबण्याचा संयम गुडघ्याचा होता, हे मला आणि त्यांनाच माहीत होतं. असं मला वाटत होतं.

शिरीष पुण्याहून मुद्दाम आला होता. तो फोटोंच्या रांगेपाशी पहिल्यापासून शेवटपर्यंत गेला, परत पहिल्याकडे आला, पुन्हा गेला. मग माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"मावशी, हे सगळे आमच्या घरापासून भाजीबाजारापर्यंतच्या रस्त्यावरचे आहेत ना?"

"बरेचसे."

"आधीच्या फोटोंत घर, मग एकदम मुनीरचाचांचं दुकान, मग बाजार." तो हळू बोलत होता. "नंतरच्यांत घर, जोशींचा ओटा, पिठाची गिरणी, नळ, मुनीरचाचा. जागा जवळ जवळ यायला लागल्यात."

मी त्या गल्लीत वाढले नव्हते, तो वाढला होता.  मागे बघितलं तर अक्का आमच्याकडेच पाहत होत्या. चष्मा होता तिथेच होता, पण चेहरा निकालाच्या दिवशी असतो तसा झाला होता.

शिरीष केळीच्या फोटोपुढे बराच वेळ उभा राहिला. वाकलेली केळ, भरलेला घड, त्याखाली बांबू, आणि बांबूवर अजून ठेवलेला भाऊंचा हात. मग तो आईजवळ आला. तिच्या हातातला मोनोपॉड त्याने घेतला, उलटासुलटा पाहिला, त्यावर स्वतः थोडा रेलला. इतक्या वर्षांत क्लिपा ढिल्या झाल्या होत्या. तो चटकन वीतभर खाली गेला.

"आई, हे डगमगतंय."

"हलकं आहे. न्यायला सोपं पडतं."

"हं," शिरीष म्हणाला. "कॅमेरा जड झाला असेल."

 मी अक्कांना ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी नेमके शब्द विचारले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिरीष मला घेऊन पिंटूशेठच्या दुकानात गेला. अक्का माझ्या घरी पिशवी भरत होत्या. पुण्याला जायची की धुळ्याला, हे त्यांनी विचारलं नव्हतं आणि त्याने सांगितलं नव्हतं.

"एका पायाचा चांगला स्टँड दाखवा," शिरीष म्हणाला. "क्लिपचं लॉक, पायाला रुंद रबर."

"वजन किती पेलायचं?"

"साठ किलो."

पिंटूशेठने चष्मा पुसला, माझ्याकडे नीट पाहिलं, आणि त्याचा चेहरा फुलला. "तो कॅमेरा अजून चालू आहे?"

"चालू आहे," शिरीष म्हणाला. "आता पासष्ट धरा."

नील, आता तुझं उत्तर. तुझ्या तिघांतला मधला घे. क्लिपचं लॉक फक्त त्याचंच आहे आणि पायही रुंद दिसतो. पण घरी आला की पूर्ण उघड, जाजमावर नव्हे, न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवर रोव, आणि दोन्ही हातांनी रेलून बघ. तू खाली गेलास तर परत कर. तुझा कॅमेरा लहान आहे हे मला माहीत आहे. तरीही रेलून बघ.

अक्का पुण्याला कायमच्या कधीच गेल्या नाहीत. शेवटपर्यंत गल्ली नंबर पाचमध्येच होत्या, आणि गेल्या त्याही तिथूनच. शिरीष दर महिन्याला येत राहिला. मुनीरभाईंचं स्टूल अजून दुकानाबाहेर आहे म्हणे. मी अक्कांना शेवटचं पाहिलं ते शिरीषने नवा मोनोपॉड घेतला त्याच दिवशी दुपारी, जळगावच्या बस स्थानकावर.

शिरीषची पुण्याची गाडी संध्याकाळी होती. आधी आईला बसवून देतो, असं तो म्हणाला, आणि धुळ्याच्या फलाटाकडे चालायला लागला. अक्का क्षणभर जागच्या हलल्या नाहीत. मग नव्या मोनोपॉडवर लहान कॅमेरा मिरवत त्याच्या मागोमाग निघाल्या. एरंडोल-पारोळ्यावरून जाणारी बस लागलेली होती. तिची पायरी उंच असते, तुम्हाला आठवत असेल. ईराला मी उचलूनच चढवायची. दारात कंडक्टर उभा होता. त्याने वाकून हात पुढे केला.

"या आजी, द्या हात."

अक्कांनी पायरीकडे पाहिलं. मग हाताकडे पाहिलं. मग त्यांनी घराबाहेर आजवर कधी न केलेली गोष्ट केली. मोनोपॉडवरचा कॅमेरा फिरवून फिरवून काढला आणि कंडक्टरच्या हातात ठेवला.

"हा धर, भाऊ. जपून. नाजूक आहे."

आणि नुसता मोनोपॉड पायरीवर रोवून, त्यावर सगळा भार टाकून त्या स्वतः वर चढल्या. रबर घसरलं नाही. क्लिपा हलल्या नाहीत.

मी शिरीषकडे पाहिलं. तो बसच्या कपाळावरची पाटी वाचत होता. तिच्यावर "धुळे" एवढंच लिहिलेलं होतं. अक्का आपल्या जागेवर जाऊन बसेपर्यंत तो ते वाचत राहिला.